प्रकाशाची मोजपट्टी

मोजणे ही मानवाची फार जुनी गरज आहे. शेताची सीमा आखावयाची असो, घराची तुळई बसवावयाची असो, की वस्त्राचा तुकडा कापावयाचा असो, लांबी मोजल्यावाचून काम पुढे सरकत नाही. आरंभी मानवाने आपल्या शरीरालाच मोजपट्टी केले. बोटाच्या रुंदीचे अंगुळ, पसरलेल्या पंजाची वीत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात, ही मापे त्यातूनच आली. ती सदैव जवळ असत; हरवण्याची भीती नसे. परंतु त्यांत एक मोठा दोष होता. उंच माणसाचा हात लांब, ठेंगण्या माणसाचा हात आखूड. ठेंगण्या विक्रेत्याने मोजून दिलेले दहा हात कापड उंच गिऱ्हाइकाच्या हाताने मोजले, की साडेनऊ हातच भरे. मग तंटा उभा राही. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नसे. खोटे होते ते माप.

हा दोष घालविण्यासाठी निरनिराळ्या देशांनी धातूच्या प्रमाण-पट्ट्या करविल्या. सर्वांनी आपल्या पट्ट्या त्या एका पट्टीशी ताडून पाहावयाच्या, असा नियम झाला. इंग्लंडची यार्डाची प्रमाण-पट्टी पितळेची होती व ती लंडनच्या संसदभवनात जपून ठेवलेली होती. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या इमारतीस भयंकर आग लागली आणि त्या आगीत ती पट्टी निकामी झाली. पट्टी नष्ट झाल्यास लंबकाच्या साह्याने यार्ड पुन्हा ठरवावा, असे १८२४ च्या कायद्यात लिहून ठेवले होते. परंतु ती रीत पुरेशी भरवशाची नाही, असे तपासाअंती दिसून आले. अखेर जुन्या पट्टीच्या ज्या प्रती इतरत्र होत्या, त्यांवरून नवी पट्टी तयार करावी लागली. एका बलाढ्य राष्ट्राचे माप एका रात्रीत भस्म होऊ शकते, हे जगाने पाहिले.

फ्रान्सने दुसरा मार्ग धरला होता. तेथील विद्वानांनी १७९१ मध्ये असे ठरविले, की राजाचा हात किंवा पाय मापासाठी घ्यावयाचा नाही. सर्वांची जी पृथ्वी, तिच्यावरूनच माप ठरवावयाचे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग, तो एक मीटर. हे अंतर काढण्यासाठी दलांब्र व मेशँ या दोघा शास्त्रज्ञांनी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतचा प्रदेश मोजला. क्रांतीची धामधूम चालू असताना हे काम कित्येक वर्षे चालले. १७९९ मध्ये त्यांच्या मोजणीवरून प्लॅटिनमची पट्टी घडविण्यात आली. परंतु पुढे अधिक बारकाईने पाहता ती पट्टी सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड भरली! पृथ्वीचा आकार काही रेखीव चेंडूसारखा नाही आणि तिची मोजणी वारंवार करणेही शक्य नाही. म्हणून शेवटी पृथ्वीऐवजी पुन्हा पट्टीचाच आश्रय घ्यावा लागला. १८८९ मध्ये प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रणाची एक नवी पट्टी सर्व जगासाठी प्रमाण मानली गेली व पॅरिसजवळच्या सेव्ह्र या गावी कडेकोट बंदोबस्तात ठेवली गेली.

पट्टी उत्तम होती, तरी शंका मिटली नाही. पट्टीवर कोरलेल्या रेघेलाही काही जाडी असते. मग मीटर नेमका रेघेच्या कोणत्या कडेपासून मोजावयाचा? काळाच्या ओघात धातूची लांबी किंचित बदलली, तर ते कळावयाचे कसे? सर्व जगाच्या पट्ट्या तिच्याशी ताडून पाहावयाच्या. पण तिला कोणाशी ताडावे? जेम्स क्लार्क मॅक्सवेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७० मध्येच सुचविले होते, की चिरंतन माप हवे असेल, तर ते मोठ्या पृथ्वीत शोधू नये, पदार्थाच्या सूक्ष्म कणांत शोधावे. कारण तापलेल्या विशिष्ट पदार्थाचे कण ज्या लहरींचा प्रकाश देतात, त्या लहरींची लांबी सर्वत्र एकच असते. ही मोजपट्टी झिजणार नव्हती, जळणार नव्हती, चोरीस जाणार नव्हती. अडचण एवढीच होती, की ती डोळ्यांना दिसत नव्हती व हातात धरता येत नव्हती.

प्रकाश हा लहरींच्या रूपाने पुढे जातो, ही गोष्ट इंग्लंडच्या टॉमस यंग यांनी १८०१ च्या सुमारास प्रयोगांनी पुढे मांडली होती. तळ्याच्या संथ पाण्यात जवळजवळ दोन खडे टाकले, तर दोन ठिकाणांहून लहरी उठतात. जेथे एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर येतो, तेथे पाणी अधिक उसळते. जेथे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो, तेथे पाणी जवळजवळ स्वस्थ राहते. प्रकाशाचेही तसेच आहे. दोन प्रकाशलहरी एकमेकींस मिळाल्या, तर कोठे प्रकाश वाढतो आणि कोठे, नवल असे, की प्रकाशात प्रकाश मिसळून अंधार होतो. या घटनेला व्यतिकरण म्हणतात. साबणाच्या फुग्यावर जे इंद्रधनुष्यी रंग खेळताना दिसतात, ते व्यतिकरणामुळेच. या खेळातून मोजण्याचे साधन निर्माण करण्याचे श्रेय मुख्यतः आल्बर्ट अब्राहम मायकेलसन यांच्याकडे जाते.

मायकेलसन यांचा जन्म १८५२ मध्ये प्रशियातील एका लहानशा गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. आल्बर्ट अगदी लहान असतानाच त्याचे आईवडील अमेरिकेस गेले. पश्चिमेकडील खाणींच्या वस्त्यांत वडिलांचे दुकान असे आणि तेथेच मुलाचे बालपण गेले. १८६९ मध्ये अ‍ॅनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयात प्रवेश मिळविण्यासाठी त्याने परीक्षा दिली. पण त्याच्या प्रांताच्या वाट्याची जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. तरुण आल्बर्टने धीर सोडला नाही. तो दूरचा प्रवास करून वॉशिंग्टनला गेला व थेट अध्यक्ष ग्रँट यांना भेटला. अध्यक्षांच्या हातच्या दहाही जागा भरून गेल्या होत्या. तथापि त्याची चिकाटी पाहून पुढे एक जादा जागा देण्यात आली. जागांची मोजदाद त्या दिवशी चुकली खरी. पण तिच्यामुळे जगाला अचूक मोजणारा माणूस मिळाला.

१८८१ मध्ये जर्मनीत असताना मायकेलसन यांनी आपले उपकरण तयार केले. त्यासाठी लागणारा पैसा टेलिफोनचे संशोधक ग्रॅहॅम बेल यांनी दिला. या उपकरणाला व्यतिकरणमापक असे म्हणतात. त्याची रचना मोठी चतुराईची, तरी समजण्यास सोपी आहे. एका काचेवर चांदीचा इतका पातळ मुलामा दिलेला असतो, की तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी निम्मा आरपार जातो व निम्मा परावर्तित होतो. अशा रीतीने एका किरणाचे दोन किरण होतात आणि ते एकमेकांशी काटकोन करणाऱ्या दोन वाटांनी जातात. प्रत्येक वाटेच्या शेवटी एकेक आरसा असतो. आरशांवरून परतलेले ते दोन किरण काचेपाशी पुन्हा एकत्र येतात. जणू दोन भाऊ घरातून एकाच वेळी निघाले, दोन निरनिराळ्या रस्त्यांनी गेले आणि पुन्हा घराच्या दारी भेटले. दोघांची पावले जुळली, तर प्रकाश दिसतो; पावले उलटी पडली, तर अंधार दिसतो. पाहणाऱ्याला दुर्बिणीतून उजेडाचे व अंधाराचे पट्टे एकाआड एक दिसू लागतात.

आता यांपैकी एक आरसा किंचित मागे सरकविला, तर त्या किरणाची जाण्याची वाट वाढते आणि येण्याचीही वाट तितकीच वाढते. म्हणून आरसा अर्ध्या लहरीइतका सरकला, की किरणाची वाट एका पूर्ण लहरीने बदलते व एक पट्टा पुढे सरकून त्याची जागा दुसरा घेतो. तांबड्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. तेव्हा जे अंतर डोळ्यांना कधीही दिसले नसते, ते पट्ट्यांच्या सरकण्यावरून मोजता येऊ लागले. पट्टे मोजा, म्हणजे अंतर कळेल, इतके ते सोपे होते.

परंतु हे साधन जितके सूक्ष्म, तितकेच नाजूक होते. बर्लिन शहरात ते मांडले, तेव्हा रस्त्यावरील गाड्यांच्या हादऱ्यांनी पट्टे थरथरत व नाहीसे होत. मध्यरात्रीनंतरही पुरती शांतता मिळेना. म्हणून मायकेलसन यांनी ते पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेले व दुर्बिणीच्या भक्कम पायाजवळ बसविले. तेथेही शंभर मीटरांवर कोणी फरसबंदीवर पाय आपटला, तर पट्टे दिसेनासे होत! दुसरा कोणी असता, तर त्याने कंटाळून उपकरण बाजूस ठेवले असते. पण शंभर मीटरांवरच्या पावलाची जाणीव ज्याला होते, ते साधन सामान्य नव्हे, हे मायकेलसन यांनी ओळखले. त्याचा दोष तोच त्याचा गुण होता.

त्या काळी शास्त्रज्ञांची अशी समजूत होती, की प्रकाशलहरी ज्यातून वाहतात, असा 'ईथर' नावाचा पदार्थ सर्व विश्वात भरलेला आहे. पृथ्वी त्यातून वेगाने जात असल्यामुळे तिच्यावर ईथरचा वारा वाहत असला पाहिजे. आणि वाऱ्याच्या दिशेने जाऊन येणाऱ्या किरणाला आडव्या जाणाऱ्या किरणापेक्षा थोडा अधिक वेळ लागला पाहिजे. १८८७ मध्ये क्लीव्हलंड येथे मायकेलसन व त्यांचे सहकारी एडवर्ड मोर्ली यांनी याचा शोध घेतला. हादरे टाळण्यासाठी त्यांनी सर्व आरसे दगडाच्या एका जाड फरशीवर बसविले आणि ती फरशी पाऱ्यावर तरंगत ठेवली. ती हळूहळू फिरवीत त्यांनी पट्ट्यांवर नजर ठेवली. पट्टे एका पट्ट्याच्या सुमारे चार दशांशांइतके सरकतील, असे गणित सांगत होते. प्रत्यक्षात त्याच्या विसाव्या हिश्शाइतकेही ते सरकले नाहीत.

हा निकाल अनपेक्षित होता. परंतु दोघांनीही तो लपविला नाही, की मनाजोगता करून घेतला नाही. जसा मिळाला, तसाच प्रसिद्ध केला. मोजणाऱ्याचा पहिला धर्म हाच, की जे माप आले ते सांगावे. जे यावेसे वाटत होते, ते सांगू नये. पुढे १९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. त्यात ईथरची गरजच उरली नाही. मग क्लीव्हलंडच्या त्या 'न सरकलेल्या' पट्ट्यांचे महत्त्व सर्व जगाला पटले.

यानंतर मायकेलसन यांनी मॅक्सवेल यांची सूचना प्रत्यक्षात आणण्याचे मनावर घेतले. १८९२ मध्ये ते सेव्ह्र येथे गेले. जेथे मीटरची पट्टी ठेवलेली होती, तेथेच त्या पट्टीत किती प्रकाशलहरी मावतात, हे त्यांना मोजावयाचे होते. रने बेन्वा हे तेथील शास्त्रज्ञ त्यांच्या साह्यास होते. कॅडमियम या धातूच्या वाफेतून निघणारा तांबडा प्रकाश त्यांनी निवडला. पण येथे एक मोठी अडचण उभी राहिली. दिव्याचा प्रकाश फार लांबवर आपली लय सांभाळू शकत नाही. दोन वाटांच्या लांबीतील फरक वाढत गेला, की पट्टे पुसट होतात आणि अखेर दिसेनासे होतात. संपूर्ण मीटर एका दमात मोजणे अशक्य होते. म्हणून त्यांनी मापांच्या नऊ पायऱ्या केल्या. सर्वांत लहान पायरी सुमारे ०.३९ मिलिमीटरची, पुढची प्रत्येक मागचीच्या जवळजवळ दुप्पट, आणि नववी १० सेंटिमीटरांची. लहान पायरीवरील लहरी मोजून तिच्यावरून पुढची, असे करीत ते शेवटच्या पायरीपर्यंत गेले आणि ती पायरी दहा वेळा पुढे सरकवून त्यांनी मीटर गाठला. उत्तर आले: एक मीटर म्हणजे कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या १५,५३,१६३.५ लहरी. आता सेव्ह्रची पट्टी हरवली असती, तरी मीटर हरवणार नव्हता. अचूक प्रकाशीय उपकरणे व त्यांच्या साह्याने केलेले संशोधन यांबद्दल मायकेलसन यांना १९०७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील हे पारितोषिक मिळविणारे ते पहिले अमेरिकन होत.

तरीही प्रकाशलहरीला मापाचे सिंहासन लगेच मिळाले नाही. १४ ऑक्टोबर १९६० रोजी सर्व राष्ट्रांच्या परिषदेने ठराव केला, की यापुढे एक मीटर म्हणजे क्रिप्टॉन-८६ या वायूच्या नारिंगी-तांबड्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ लहरींची निर्वात प्रदेशातील लांबी. सेव्ह्रच्या पट्टीचे राज्य संपले. परंतु क्रिप्टॉनचा दिवा सिंहासनावर बसला, त्यापूर्वीच त्याचा वारस जन्मास आला होता. त्याच वर्षी १६ मे रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून लेसरचा पहिला प्रकाश मिळविला होता. १२ डिसेंबर रोजी अली जवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीलियम व निऑन या वायूंचा, अखंड चालणारा लेसर सिद्ध केला. दोन वर्षांनी त्याच वायूंतून तांबडा लेसर-प्रकाशही मिळाला.

साध्या दिव्याच्या आणि लेसरच्या प्रकाशात मोठा फरक आहे. जत्रेतील लोक एकाच रस्त्याने चालतात. परंतु कोणाचे पाऊल कोणाशी जुळत नाही. कवायतीत सैनिकांचे प्रत्येक पाऊल एका तालावर पडते. दिव्यातील अणू आपापल्या लहरीने प्रकाश सोडतात. म्हणून तो प्रकाश जत्रेसारखा. लेसरमध्ये एका अणूचा प्रकाश दुसऱ्या अणूला जागा करतो आणि त्याच्याकडून आपल्याच तालाचा प्रकाश सोडवितो. असे घडू शकते, हे आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्येच सांगितले होते. दोन आरशांमध्ये हा प्रकाश मागेपुढे खेळून वाढत जातो आणि शेवटी एका तालाचा, एका रंगाचा सरळ झोत बाहेर पडतो. ही लय दूरवर टिकून राहते. मायकेलसन यांना ज्यासाठी नऊ पायऱ्या चढाव्या लागल्या, ते अंतर आता एका दमात मोजता येऊ लागले.

मात्र आता निराळाच प्रश्न पुढे आला. हीलियम-निऑन लेसरच्या तांबड्या लहरीची लांबी सुमारे ०.०००६३३ मिलिमीटर असते. आरसा केवळ १ मिलिमीटर सरकला, तरी सुमारे ३,१६० पट्टे निघून जातात. आणि १ मीटर सरकला, तर सुमारे ३१ लाख ६० हजार! दर सेकंदाला एक याप्रमाणे ते मोजावयास बसले, तर दिवसरात्र न थांबता छत्तीस दिवस लागतील. म्हणून मोजण्याचे काम विजेच्या डोळ्याकडे व गणकयंत्राकडे सोपवावे लागले. परंतु विजेचा डोळा फसू शकतो. लेसरचा प्रकाश जरा मंदावला, की पट्टा गेला असे त्यास वाटते. शिवाय आरसा पुढे जात आहे की मागे येत आहे, हे नुसत्या पट्ट्यांवरून त्यास उमगत नाही.

यावर जी युक्ती निघाली, ती गाणाऱ्यांच्या ओळखीची आहे. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, तर त्यांचा एकत्र नाद ठरावीक गतीने चढतो व उतरतो. या चढउताराला विस्पंद म्हणतात. तार पिळताच विस्पंदांची गती बदलते आणि कानाला फरक कळतो. १९७० मध्ये अमेरिकेतील ह्युलेट-पॅकार्ड या कंपनीने जे लेसर व्यतिकरणमापक बाजारात आणले, त्यात लेसरची नळी चुंबकाच्या क्षेत्रात ठेवून एकमेकांच्या अगदी जवळच्या दोन 'सुरांचा' प्रकाश काढलेला होता. त्यांचे विस्पंद दर सेकंदास लक्षावधी होतात. आरसा एका दिशेला सरकला, की ते वाढतात. उलट दिशेला सरकला, की घटतात. प्रकाश थोडा मंदावला, तरी विस्पंदांची संख्या बदलत नाही. त्यामुळे दिशाही कळली आणि फसवणूकही टळली.

प्रयोगशाळेतील नाजूक साधन आता कारखान्यात येऊन पोहोचले. धातू कापणाऱ्या यंत्राचा पाट एक मीटर सरकला असे यंत्र म्हणते, तेव्हा तो खरोखर किती सरकला, हे लेसर सांगू लागला. एका कारखान्यात घडलेला दट्ट्या दुसऱ्या कारखान्यात घडलेल्या नळकांड्यात अचूक बसावा, यासाठी दोन्हीकडची मापे एकच असावी लागतात. संगणकाच्या चिपवर अतिसूक्ष्म रेषा उमटविणाऱ्या यंत्रांतही पाटाची जागा अशा साधनांनी मोजली जाते.

तथापि उत्तम साधन हाती आले म्हणून सावधपणा सोडून चालत नाही. एक मीटर लांबीची पोलादी कांडी १ अंश सेल्सिअसने तापली, तर सुमारे ०.०११ मिलिमीटरने वाढते. लेसरच्या हिशेबाने तो तीसहून अधिक पट्ट्यांचा फरक होय. हवेचे तापमान १ अंशाने बदलले, तर हवेतील प्रकाशलहरीची लांबीही दहा लाखांत सुमारे एक या प्रमाणात बदलते. म्हणून मोजणारा कारागीर लांबीबरोबर हवेचे तापमान व दाबही टिपून ठेवतो. नुसत्या हाताच्या उबेनेही माप बिघडू शकते, हे तो जाणतो.

लेसरमुळे प्रकाशाचा वेगही पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक मोजता आला. तेव्हा ऑक्टोबर १९८३ मध्ये मीटरची व्याख्या पुन्हा बदलली. प्रकाश निर्वात प्रदेशात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर जातो, तो एक मीटर. क्रिप्टॉनच्या दिव्याचे राज्य तेवीस वर्षांतच संपले. आता मीटर कोणत्याही एका पट्टीत, दिव्यात किंवा गावात राहिलेला नाही.

कारखान्यात रुळलेल्या या साधनाने पुढे आकाशाकडे तोंड वळविले. अवकाशात प्रचंड वस्तू एकमेकींवर आदळल्या, तर खुद्द अवकाशातच लहरी उठल्या पाहिजेत, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये म्हटले होते. या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथे 'लायगो' नावाच्या दोन वेधशाळा उभारण्यात आल्या. त्यांची रचना मुळात मायकेलसन यांच्या उपकरणाचीच आहे: एक झोत, त्याचे दोन भाग, काटकोनातील दोन वाटा, टोकांना आरसे. मात्र येथील प्रत्येक वाट ४ किलोमीटर लांबीची निर्वात नळी आहे आणि ४० किलो वजनाचे आरसे काचेच्या बारीक तंतूंनी टांगलेले आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी या वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेली लहर टिपली. ती सुमारे १३० कोटी वर्षे प्रवास करून पृथ्वीवर आली होती. तिच्यामुळे वाटांच्या लांबीत पडलेला फरक अणूच्या गाभ्यातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता! १८८७ मध्ये पट्टे सरकले नाहीत, तेव्हा ते खरे मानले गेले. २०१५ मध्ये किरणांची पावले क्षणभर ढळली, तेव्हा तेही खरे मानले गेले. साधन प्रामाणिक असले आणि मोजणाराही प्रामाणिक असला, म्हणजे दोन्ही उत्तरांचे मोल सारखेच असते.

या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. अशा लहरींची क्षीण खूण प्रचंड गोंगाटातून कशी ओळखावी, याच्या गणितावर पुण्याच्या 'आयुका' या संस्थेतील संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे परिश्रम केले. लहर कोणत्या दिशेने आली, हे ठरविण्यासाठी एकमेकींपासून दूर असलेल्या अनेक वेधशाळा हव्यात. कारण लहर एकीकडे आधी व दुसरीकडे नंतर पोहोचते. म्हणून अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभारण्याचे ठरले आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. तिच्यासाठी जागा शोधताना शास्त्रज्ञांनी शांत भूमी शोधली. जमिनीची थरथर कमी असावी, रेल्वे, हमरस्ते व मोठे कारखाने दूर असावेत, हे पाहिले.

पॉट्सडॅमच्या वेधशाळेत दूरच्या एका पावलाने मायकेलसन यांचे पट्टे पुसले जात. त्या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. साधने बदलली, दिवा जाऊन लेसर आला, एक मीटरच्या वाटा चार किलोमीटरांच्या झाल्या. परंतु मोजणाऱ्याला लागणारी शांतता, चिकाटी आणि सत्याची चाड यांत काडीइतकाही बदल झालेला नाही.

अभ्यास

१. हात, वीत इत्यादी मापांत कोणता दोष होता? 'खोटे होते ते माप' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

२. प्रकाशलहरीला मोजपट्टी करण्याचे कोणते फायदे मॅक्सवेल यांच्या सूचनेत होते?

३. व्यतिकरणमापकाची रचना आपल्या शब्दांत सांगा व तिची आकृती काढा.

४. 'त्याचा दोष तोच त्याचा गुण होता.' हे कशाविषयी म्हटले आहे व का?

५. मायकेलसन यांना मीटर मोजण्यासाठी नऊ पायऱ्या का कराव्या लागल्या? लेसरमुळे ही अडचण कशी दूर झाली?

६. मायकेलसन व मोर्ली यांचा प्रयोग फसला असे म्हणता येईल काय? कारणे देऊन उत्तर लिहा.

७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: ताडून पाहणे, कडेकोट, चिकाटी, एका दमात, चाड.

८. आपल्या वर्गाची लांबी प्रथम आपल्या हाताने व नंतर मीटरपट्टीने मोजा. पाच विद्यार्थ्यांची दोन्ही मापे एका तक्त्यात मांडा व त्यांवरून काय दिसते, ते लिहा.